उजवी झडप वर, बरोबर!

७ ऑक्टोबर, सोमवार
रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज लिहा. राग आला की तो कागदावर उतरवायचा, म्हणजे अंगात राहत नाही म्हणे. मला राग येतच नाही, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं. मग टेबलावर हात आपटून सांगितलं, तेव्हा त्यांचा पेनांचा पेला पडून फुटला. तरी म्हणतात, लिहाच.

तर लिहितो. काल नदीकाठच्या मैदानावर माझं जुनं, रेडिओवर उडवायचं छोटं विमान आमच्या क्लबच्या चहाच्या तंबूवर पडलं. तंबू चुकीच्या जागी होता. क्लबातला नुमाजिरी लगेच म्हणाला, "मिनेगिशीसान, वारा मागून होता, मी सांगत होतो ना!" वारा कुठून होता हे दाखवायला मी हात उचलला. हाताची मूठ का झाली होती ते माहीत नाही. नुमाजिरीने नेमकं तिथेच नाक आणलं. मग त्याने माझ्या कानाखाली वाजवली, मी त्याला घडीच्या खुर्चीने समजावलं, खुर्ची मोडली आणि तिचा पाय आमच्या अध्यक्षांच्या गुडघ्याला लागला.

अध्यक्ष ओगावारासान म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर, ऐंशीच्या पुढचे. आवाज इतका मऊ की दात उपटताना पेशंटला कळतही नसेल. गुडघा चोळत म्हणाले, "मिनेगिशीसान, तीन नोव्हेंबरला नवीन विमान घेऊन या. सगळ्यांसमोर तपासणी, मग एक उड्डाण, आणि सुखरूप उतरवणं. जमलं तर सगळं विसरू. नाही जमलं तर प्रोपो जमा करा आणि क्लब सोडा." प्रोपो जमा करायचा! तो दोन काड्यांचा रेडिओ हातात नसेल तर रविवारी मी हातात काय धरू?

वर तपासनीस कोण, तर नुमाजिरी.

मी शांतपणे गाडीत बसलो. घरी येताना गाडीच्या डॅशबोर्डला तडा गेला आहे, तो आधीपासूनच असावा.

९ ऑक्टोबर, बुधवार
संकल्प. एक, नवीन विमान असं बांधायचं की नुमाजिरीचे डोळे पांढरे व्हावेत. दोन, राग नाही. तीन, तपासणी अशी करायची की पोरासोरांनी शिकावं.

तपासणी मला कोण शिकवणार? पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या कारखान्यात जन्म काढला, शेवटची वीस वर्षं सुरक्षा-फोरमन. बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, "झाकण बंद! बरोबर!" तसं बोट या देशात सगळेच दाखवतात. रेल्वेचा गार्ड दाखवतो, क्रेनवाला दाखवतो. पण माझ्याइतका ताठ हात कुणाचा नाही. पाठ सरळ, हनुवटी वर, नजर समोर, आवाज पोटातून. इतर कारखान्यांतून माणसं बघायला यायची. नुमाजिरी माझ्याच हाताखाली होता, त्याचा हात मीच सरळ केला. काठीने.

घरीही मी नियम मोडत नाही. बाहेर पडताना दारातूनच स्वयंपाकघराकडे बोट, "गॅस बंद! बरोबर!", मग बूट. अडचण फक्त शिगेकोची. आम्ही निघालो की तिचं काहीतरी आत राहतंच. आज रुमाल राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईला एकदा धड घराबाहेर पडता येत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार
विमानाचा सांगाडा तयार. खाली पंख असलेलं लढाऊ विमान, गडद हिरवं. प्रत्येक पंखाला दोन झडपा. टोकाकडची एलेरॉन: एक वर गेली की दुसरी खाली, म्हणजे विमान कलतं आणि वळतं. आतल्या बाजूची फ्लॅप: दोन्ही एकदम खाली, म्हणजे विमान हळू होतं आणि अलगद उतरतं. प्रत्येक झडपेला हलवणारी एक छोटी मोटार, सर्व्हो.

एलेरॉन पहिल्या फटक्यात लागले. काडी उजवीकडे, उजवी झडप वर, डावी खाली. बरोबर. आता त्याकडे परत बघायची गरज नाही.

फ्लॅप उद्या. अर्ध्या तासाचं काम.

१३ ऑक्टोबर, रविवार
फ्लॅपचं बटण दाबलं. एक झडप खाली गेली, दुसरी वर. असं विमान उतरताना जागच्या जागी पालथं होईल.

प्रोपोच्या पडद्यावर उलटं करायची सोय असते. फ्लॅप उलटं केलं. आता पहिली वर गेली आणि दुसरी खाली. पुन्हा उलटं केलं. पुन्हा पहिल्यासारखं. उलटं, सुलटं, उलटं, सुलटं. दोन्ही सर्व्हो एकाच वायरवर आहेत, दोघांना एकच हुकूम जातो, आणि दोघं ठरवून एकमेकांच्या विरुद्ध वागतात. कारखान्यात असे दोघे मी एका दिवसात वेगळ्या पाळीत टाकले असते.

मी शांत राहिलो. डाव्या सर्व्होवर हातोडी ठेवली. जरा उंचावरून ठेवली. सर्व्होचे दात जेवणघरभर उडाले, एक शिगेकोच्या मिसो सूपमध्ये सापडला. ती म्हणाली, "अहो, रागावलात का?" मी म्हटलं, "मी? कुठे?" ती म्हणाली, "हो." ही नुसती "हो" म्हणते. भांडण पुढे न्यायचं तिला कळतच नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
नवीन सर्व्हो आणला. दुकानदार म्हणाला, "मिनेगिशीसान, काम करताना पंखा काढून ठेवत चला." पुढचा पंखा, जो फिरतो तो. मी हसलो. सुरक्षा-फोरमनला हा शिकवणार.

दुपारी जेवणाच्या टेबलावर विमान ठेवून फ्लॅप बघत होतो. बाहीचं टोक प्रोपोवरच्या, पंखा सुरू करायच्या काडीला लागलं. पुढचं नीट आठवत नाही. पंख्याने आधी मुळा खाल्ला, मग खिडकीचा पडदा, मग माझी तीन बोटं सोलली. विमान टेबलावरून उडालं, फ्रिजवर आपटलं, परत माझ्या अंगावर आलं. मी त्याची मान धरून जमिनीवर दाबलं आणि ओरडत राहिलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या आजी दार वाजवून विचारत होत्या, पोलिसांना बोलवू का. शिगेकोने त्यांना सांगितलं, "काही नाही हो, विमान बांधतायत."

रक्त बरंच गेलं. भिंतीवरचं पुसलं, छतावरचं राहू दिलं आहे. पट्टी बांधताना शिगेको म्हणाली, "सोडून द्या ना तो क्लब." सोडून कुठे जाऊ? सोमवार ते शनिवार मी एक शब्द मोठ्याने बोलत नाही. बोलायचं कुणाशी? त्या मैदानावर मी ओरडलो की निदान समोरून कुणीतरी ओरडतं. नुमाजिरी का होईना, ओरडतो तरी. हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, घट्ट बांध.

२० ऑक्टोबर, रविवार
नुमाजिरी घरी आला! हातात याकीमांजू, म्हणजे काडीत ओवून भाजलेले मऊ पाव, वर सोयाबीनचा गोड मिसो लावलेले, अजून गरम. नाकाला पट्टी. आत न येता पायरीपाशी उभा राहून म्हणाला, "मिनेगिशीसान, फ्लॅप उलटसुलट होतायत असं दुकानात कळलं. एक सर्व्हो उलटा बसवा. समोरासमोर तोंड न करता एकाची दिशा फिरवा, संपलं. पाच मिनिटांचं काम."

म्हणजे दुकानात माझी चर्चा चालते.

मी म्हटलं, "तपासनीस आधीच घरी येऊन पेपर फोडतो का?" तो म्हणाला, "अहो, तुम्ही पास व्हावं म्हणून आलोय." मी म्हटलं, "मला तुझी दया नको." तो म्हणाला, "दया नाही हो, तुम्ही नसलात की रविवारी मैदानावर फार शांत वाटतं." हा टोमणा मला सहन झाला नाही. याकीमांजूची एक काडी मी त्याच्या छातीवर मारली. गरम मिसो त्याच्या गळ्यापर्यंत गेला. मग तो आला अंगावर. आम्ही बुटांच्या कपाटात पडलो, कपाट आमच्यावर पडलं. त्याने माझी सोललेली बोटं धरली, मी त्याचं नाक. दोघंही किंचाळलो. शिगेकोने बादलीभर पाणी ओतलं, मांजरांवर ओततात तसं.

जाताना तो वाकून म्हणाला, "वहिनी, माफ करा." माझ्यासमोर वाकला नाही.

उरलेले याकीमांजू चांगले होते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
खिडकीला नवा पडदा, आणि पुन्हा फ्लॅप. सर्व्हो उलटा बसवायचा नाही. कारण ती नुमाजिरीची कल्पना. यंत्राला शिस्त लावायची ती प्रोपोतूनच.

दुपारी दीड. प्रोपोच्या यादीत ओळींमागून ओळी. कोणती ओळ फ्लॅपची, कोणती एलेरॉनची, अक्षरं मुंगीएवढी. चष्मा कपाटाखाली चिरडला, नुमाजिरीच्या कृपेने. चष्म्याशिवाय काय वाचणार? तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे जाऊ शकली असती. मी यादीतल्या सगळ्या ओळींवर उलट-उलट-उलट दाबत गेलो. वरून खाली, खालून वर. एकदा अंगठ्याने, एकदा मुठीने.

फ्लॅप तसेच. एक वर, एक खाली.

प्रोपो भिंतीवर फेकला नाही, याची नोंद घ्यावी. गादीवर फेकला. गादीमागे भिंत होती.

२७ ऑक्टोबर, रविवार
शोध लागला. पूर्णपणे माझा. आंघोळीच्या टबमध्ये बसलो असताना सुचलं की दोन सर्व्हो एकाच हुकमावर विरुद्ध फिरत असतील, तर एकाचं तोंडच फिरवून बसवावं. किती सोपं! अशा गोष्टी इतरांना का सुचत नाहीत? शिगेकोला सांगितलं तर म्हणाली, "नुमाजिरीसान तेच सांगायला आले होते ना?" मी म्हटलं, तो एक सर्व्हो "उलटा" बसवा म्हणाला होता. मी "तोंड फिरवून" बसवला. फरक आहे.

पाच मिनिटं लागली. दोन्ही फ्लॅप एकदम खाली. अलगद, छान, एका रेषेत. मी बघतच राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते गोंदामुळे. मग उठून छताकडे बघत जोरात ओरडलो, आनंदाने. शेजारच्या आजींनी पुन्हा दार वाजवलं.

एलेरॉन पहिल्या दिवसापासून बरोबर आहेत. हात लावला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या. आज रंगीत तालीम. पांढरे हातमोजे, कारखान्यातली टोपी. विमान टेबलावर, मी त्याच्या मागे. शिगेकोला समोर बसवलं, प्रेक्षक म्हणून. ती वाटाणे सोलत बसली.

"फ्लॅप खाली! बरोबर!" "शेपूट वर! बरोबर!" "काडी उजवीकडे! उजवी झडप वर! बरोबर!" हात बाणासारखा. खिडकीच्या काचा थरथरल्या. आवाज अजून तोच आहे, चाळिशीतला.

शिगेको म्हणाली, "अहो, खाली गेली ती."

मी म्हटलं, कोणती? म्हणाली, "तुम्ही बोट केलंत ती." मी तिला समजावून सांगितलं की समोर बसणाऱ्याला उजवं-डावं उलटं दिसतं, हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. ती वाटाणा तोंडात टाकून म्हणाली, "वर-खालीही उलटं दिसतं का?"

अशा वेळी मी फार शांत असतो. वाटाण्यांची परात कशी उडाली ते कळलं नाही. सगळे वाटाणे घरभर. ती म्हणाली, "हो, वर गेली असेल," आणि गोळा करायला लागली. तालीम इथेच थांबवली. उगाच प्रेक्षकांनी कलाकाराचा आत्मविश्वास घालवू नये.

३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आकाश निळं, कागदासारखं कोरं. आकागी डोंगर स्पष्ट. वारा अगदी थोडा, समोरून. आत खारवलेलं आंबट उमेबोशी असलेले दोन ओनिगिरी, भाताचे गोळे, खाल्ले. "गॅस बंद! बरोबर!" शिगेकोची छत्री आत राहिली. अशा दिवशी छत्री! गाडीत बसून वाट बघतोय, म्हणून हे लिहिलं. आज नुमाजिरीला माझ्यासमोर वाकायला लावीन. कमरेतून.

३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
अक्षर आज वाकडं आलंय. रागाने नाही.

तपासणी अप्रतिम झाली. सगळे ओळीने उभे होते. मी विमानामागे, नुमाजिरी माझ्या शेजारी. मी एकेक म्हणत गेलो, माझ्यामागून सगळा क्लब एका सुरात "बरोबर!" म्हणत गेला. नदीतली बदकं उडाली. नुमाजिरीनेसुद्धा बोट दाखवून म्हटलं, "बरोबर!" त्याचा हात सरळ होता. मनात म्हटलं, मीच शिकवलंय.

विमान सुटलं. सुंदर उठलं. मग वाऱ्याने जरासं डावीकडे कललं. मी काडी उजवीकडे दिली. ते आणखी डावीकडे कललं. आणखी उजवीकडे दिली. आणखी डावीकडे. मी काडी मोडेपर्यंत उजवीकडे दाबली आणि ते पाठीवर वळून, पंखा किंचाळत, गोल फिरून थेट आमच्याकडे आलं.

आणि अशा नाजूक क्षणी नुमाजिरीने माझ्या पोटात डोकं घातलं! मी आडवा झालो, तो माझ्यावर. वरून काहीतरी गेलं, टोपी उडाली. मी त्याला बरगडीत गुद्दे मारत राहिलो. तो उलटून मारत नव्हता, हे विचित्र वाटलं. मग माझे पांढरे हातमोजे लाल दिसले. आधी वाटलं, माझ्या गुद्द्यांनी. पण गुद्दे मी पुढून मारत होतो आणि रक्त मागून येत होतं. पंख्याने त्याचा खांदा उघडला होता. मांस दिसत होतं.

विमान पुढे जाऊन ओगावारासानांच्या छोट्या ट्रकच्या काचेतून आत शिरलं. बॅटरी फुटली. सीट पेटली, मग स्टीअरिंग, मग त्यांचा डबा. सगळे वाळू फेकत होते, कोणीतरी चहा ओतत होतं, कोणीतरी माझं नाव घेऊन शिव्या देत होतं. मी प्रोपो हातात धरून उभा होतो. काडी अजून उजवीकडेच दाबलेली होती.

रुग्णवाहिकेत चढवताना नुमाजिरी म्हणाला, "मिनेगिशीसान, लागलं नाही ना कुठे?"

मी म्हटलं, "रेडिओत गडबड होती."

५ नोव्हेंबर, मंगळवार
रेडिओत गडबड होती. नक्की. पुलावरून ट्रक जातात, त्यांच्यात वाट्टेल ती यंत्रं असतात. ओगावारासानांना हे समजावून सांगायचं ठरवलं. शिवाय उड्डाणाच्या ऐन मोक्याला चालकाच्या पोटात डोकं घालणं हे नियमात बसतं का, हेही विचारायचं.

ते स्वतःच आले. जळक्या ट्रकमधून नाही, बसने आणि मग चालत. गुडघा अजून दुखतोय. चहा घेतला. म्हणाले, कोणीतरी आठवण म्हणून फोनवर तपासणीचं चित्रण केलं होतं, बघू या का? मी म्हटलं, बघू या, म्हणजे सिद्धच होईल.

बघितलं. पाठ किती सरळ होती माझी! हात, आवाज, सगळं पुस्तकात छापावं असं. "काडी उजवीकडे! उजवी झडप वर! बरोबर!"

उजवी झडप खाली गेली.

मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा खाली गेली. पुन्हा लावायला सांगितलं. शिगेको मागे येऊन उभी राहिली. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता तरी वर जाईल. बोट थेट झडपेवर होतं. पण नजर नव्हती. हनुवटी वर, नजर समोर, शिकवलं तशी. मी आकागी डोंगराकडे बघत होतो. आणि माझ्या मागचे? कोणीच झडपेकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि "बरोबर!" म्हणत होते.

ओगावारासान मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा आवाज इतका खात्रीचा असतो ना मिनेगिशीसान, की परत बघायचं सुचतच नाही."

दात उपटल्यासारखं वाटलं, आणि खरंच, उपटताना कळलं नाही.

ते गेल्यावर मी काहीतरी फोडायला शोधत होतो. हाताशी तो फ्लॅपचा तुकडा आला, विमानाचा उरलेला. दोन्ही हातांनी धरला. मग ठेवून दिला. फ्लॅप चांगले लागले होते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
हॉस्पिटल. नुमाजिरी उशीला टेकून बसला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टी. नाकावर अजून जुनी पट्टी, गळ्यावर मिसोने भाजल्याचा डाग. एका माणसावर माझं इतकं काम मी आधी कधी एकत्र बघितलं नव्हतं.

तो म्हणाला, "माझंच चुकलं. तपासनीस मी होतो. पण तुम्ही 'बरोबर' म्हणालात की माझा हात आपोआप वर जातो हो. इतक्या वर्षांची सवय."

मी चांगलं वाक्य तयार करून गेलो होतो. ते तसंच राहिलं. बाहेर आलं ते एवढंच, "खांदा फार दुखतो का?" तो म्हणाला, "खांद्यापेक्षा बरगड्या दुखतात." मी म्हटलं, त्या मीच. तो म्हणाला, "माहीत आहे." मग आम्ही दोघं हसलो आणि त्याला हसणं सोसेना.

मग मी उभा राहून पद्धतशीर वाकलो. कमरेतून. वाकताना डोकं सलाईनच्या दांड्याला लागलं आणि दांडा त्याच्यावर पडला. नर्सने मला बाहेर काढलं. व्हरांड्यात मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतो. रडत होतो, हे लिहायला हरकत नाही, डॉक्टरांनी काहीही लिहा म्हटलंय.

१० नोव्हेंबर, रविवार
काल प्रोपो जमा केला. ओगावारासानांनी दोन्ही हातांनी घेतला, मी दोन्ही हातांनी दिला. मग ते म्हणाले की नुमाजिरीने फार हट्ट धरला, म्हणून क्लबने ठरवलंय, मिनेगिशीसाननी रविवारी मैदानावर यायला हरकत नाही. धावपट्टीचं गवत काढायला माणूस हवाच आहे. मी म्हटलं, गवत कापायचं यंत्र मी उत्तम चालवतो. ते पटकन म्हणाले, यंत्र नाही. यंत्र दुसरे चालवतील. तुम्ही कापलेलं गवत ओढा. दाताळं आपलं आपण आणा.

तर आज सकाळी दाताळं घेऊन निघालो. शिगेकोही आली, नुमाजिरीला डबा द्यायला, हॉस्पिटल वाटेवरच आहे. दारात उभा राहिलो. पाठ सरळ, हात लांब. "गॅस बंद! बरोबर!" आवाज जरा कमीच काढला. बूट घातले. शिगेको नेहमीसारखी परत आत गेली, चष्मा राहिला म्हणून. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

एरवी मी गाडीत जाऊन बसतो. आज दाताळ्याचे दात दाराच्या चौकटीत अडकले, म्हणून तिथेच होतो, म्हणून ऐकू आलं. स्वयंपाकघरातून, शेगडीच्या बटणाचं.

खट्.

ती बाहेर आली. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "काय कधीपासून?" मी म्हटलं, ते खट्. ती बूट घालायला खाली वाकली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज नसतो हो चालू. आठवड्यातून एखाद-दोनदाच."

मग तिने दाराला कुलूप लावलं. माझं बोट वर झालं होतं, ते मी खाली घेतलं. तिने कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि आम्ही निघालो.